कोयता कमरेचा आणि कोयता हातातला

मोखाड्याच्या किंवा खोडाळ्याच्या बाजारात आलेल्या वारली, कोकणा, ठाकूर अथवा कातकरी पुरुषाच्या कमरेला मागच्या बाजूस लाकडी आकडी बांधलेली असते आणि त्या आकडीत कोयता अडकवलेला असतो. पूर्वी हे दृश्य सर्रास दिसे, आता थोडे विरळ झाले आहे इतकेच. मिठाच्या दुकानापुढे तो माणूस उभा असतो, शेजारी शाळेतली पोर बिस्किटाचा पुडा घेत असते, आणि त्या धारदार पात्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. राबासाठी फांद्या तोडायच्या, कारवी कापायची, बांबू चिरायचा, पावसाळ्यात वाट अडवणारी झुडपे बाजूला करायची, या सगळ्याला तोच एक कोयता. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात तो येतो तो बापाच्या किंवा आज्याच्या देखरेखीखाली. पाते स्वतःकडे कधी धरायचे नाही, समोर माणूस असताना वार करायचा नाही, काम संपले की आकडीत परत. शस्त्र आणि अवजार यांतला भेद त्या वनवासी पोराला कुणी व्याख्यान देऊन शिकवत नाही. तो कामातून शिकतो.

मराठवाड्यातून साखर कारखान्यांच्या फडात जाणाऱ्या ऊसतोडकऱ्यांच्या भाषेत तर नवरा-बायकोची जोडी म्हणजेच ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. ज्या शब्दाने महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांची चूल ओळखली जाते, त्याच शब्दापुढे ‘गँग’ हा शब्द लागावा आणि तो पुण्यासारख्या विद्येच्या म्हणवल्या जाणाऱ्या नगरीत लागावा, याचा खेद कुणालाही वाटेल.

२०२२ च्या डिसेंबरात पुण्यातील सिंहगड विधी महाविद्यालयाच्या परिसरात दोघांनी हातात कोयते घेऊन रस्त्यात दिसेल त्याच्यावर धावून जाण्याचा प्रकार केला. त्याची चित्रफीत महाराष्ट्रभर पाहिली गेली. त्याच महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी या टोळ्यांचा विषय सभागृहात मांडला. त्यानंतरही उभ्या वाहनांच्या काचा फोडणे, रिक्षावाल्याला किंवा पादचाऱ्याला विनाकारण मारहाण करणे, वाढदिवसाचा केक कोयत्याने कापून त्याचे चित्रण मिरवणे असे प्रकार पुन्हा पुन्हा वर्तमानपत्रांत येत राहिले. पकडलेल्यांत वारंवार पंधरा, सोळा, सतरा वर्षांची मुले निघाली. पूर्वीचा गुंड कुणाशी तरी वैर धरून येई. त्याचे बरोबर नव्हतेच, पण त्याच्या वाटेला न जाणारा माणूस आपल्याला सुरक्षित समजू शकत होता. या मुलांच्या हल्ल्याला कारणच नसते. समोरचा माणूस कोण हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यायचेही नसते. रात्रपाळी संपवून घरी निघालेला कामगार, शिकवणीहून परतणारी मुलगी, औषध आणायला बाहेर पडलेले आजोबा, कुणीही.

अशा वेळी मध्यमवर्गीय घरांत जी चर्चा होते ती सर्वांनी ऐकलेली आहे. पोलीस येतील तेव्हा येतील, तोवर आपणच काहीतरी जवळ बाळगले पाहिजे, असे कुणी म्हणतो. दुचाकीच्या डिकीत लोखंडी कांब ठेवणारे आहेत, गाडीच्या आसनाखाली गुप्ती ठेवणारेही आहेत. तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत तर हा प्रश्न अधिक थेट विचारला जातो. विजयादशमीला शस्त्रपूजन करणाऱ्या समाजाने वर्षभर निःशस्त्र का फिरावे? प्रश्न उद्धट वाटला तरी त्याला बगल देऊन चालणार नाही. भ्याडपणाला अहिंसेचे वस्त्र पांघरण्याची सवय या देशाला पुष्कळ महाग पडली आहे.

म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण याविषयी जितके अज्ञान आहे तितकेच गैरसमजही आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क भारतीय दंड संहितेने कलम ९६ ते १०६ मध्ये दिला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये जसाच्या तसा आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही हा हक्क पोहोचतो. २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की समोर हल्ला उभा असताना सज्जन नागरिकाने भित्र्यासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. आणि ज्या प्रश्नाने अनेकांची मती गुंग होते, ‘पण समोर लहान मुलगा असेल तर?’, त्याचेही उत्तर कायद्यात आहे. हल्ला करणारा वयाने कोवळा आहे, त्याची समज अपुरी आहे म्हणून त्याचे कृत्य कदाचित गुन्हा ठरणार नाही. तरीही त्याच्यापासून बचाव करण्याचा हक्क मोठ्या माणसाविरुद्ध असता तेवढाच राहतो. जुन्या संहितेत हे कलम ९८ होते, नव्या संहितेत ते ३६ आहे. कोयत्याला धरणाऱ्याचे वय विचारत बसत नाही, हे इंग्रजी अमदानीतल्या कायदेपंडितांनाही कळत होते.

मात्र त्याच प्रकरणातले पुढचे कलम आपल्या उत्साही मित्रांनी वाचलेले नसते. आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही. शासनयंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. आणि हा हक्क धोक्याच्या भीतीबरोबर जन्मतो, तिच्याबरोबरच संपतो. कोयता टाकून पळणाऱ्या पोराला गल्लीच्या तोंडाशी गाठून डोक्यात कांब घालणारा माणूस त्या क्षणी स्वसंरक्षण करीत नसतो. तो आरोपी होतो.

हत्यार बाळगण्याचे प्रकरण तर याहून वेगळे आहे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रनियमांच्या कक्षेत येते. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली पाती तीतून वगळलेली आहेत. मोखाड्याचा शेतकरी याच सवलतीवर निर्धास्त फिरतो, आणि पुण्याच्या टोळक्यांनी कोयता निवडण्याचे एक कारणही हेच असावे. शहरांत पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्या काळात काठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते. डिकीतली गुप्ती हल्लेखोराच्या आधी तिच्या मालकालाच गजाआड पाठवण्याची शक्यता अधिक.

असे एक प्रकरण जगाने पाहिले आहे. २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नार्ड गेट्झ नावाच्या माणसाला चार तरुणांनी घेरून पाच डॉलर मागितले. चौघेही विशीच्या आतबाहेरचे. त्याने विनापरवाना बाळगलेले पिस्तूल काढून चौघांवरही गोळ्या झाडल्या. गुन्ह्यांनी त्रासलेल्या त्या शहराने प्रथम त्याला डोक्यावर घेतले. १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले, पण बेकायदा शस्त्राबद्दल दोषी धरले. चौघांपैकी एक जण कायमचा पंगू झाला होता. त्याने केलेल्या दिवाणी दाव्यात १९९६ मध्ये गेट्झवर चार कोटी तीस लाख डॉलरची भरपाई बसली. तो नायक होता की खुनशी, हा वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही. मिटेल असे दिसतही नाही.

परंतु इतके दूर जाण्याचे कारण काय? मोखाडा ज्या पालघर जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री काय घडले हे हिंदू समाज विसरू शकत नाही. जुना आखाड्याचे सत्तर वर्षांचे कल्पवृक्षगिरी महाराज आणि पस्तिशीतले सुशीलगिरी महाराज कांदिवलीहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी निघाले होते. टाळेबंदीमुळे महामार्ग सोडून त्यांनी आतला रस्ता धरला. वनखात्याच्या चौकीवर गाडी अडवली गेली, जमाव जमला, आणि दोन्ही साधू व त्यांचा तीस वर्षांचा चालक नीलेश तेलगडे यांना दगड, काठ्या व कुऱ्हाडींनी ठार मारण्यात आले. पोलीस तेथे असताना मारण्यात आले. त्या थकलेल्या वृद्धाने पोलिसाच्या आधाराने बाहेर येण्याचा केलेला प्रयत्न ज्यांनी चित्रफितीत पाहिला, त्यांना ते दृश्य आयुष्यभर सोडणार नाही.

त्या हत्येमागे कोण होते, कुणाची चिथावणी होती, याविषयी पुष्कळ लिहिले गेले. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने अफवेचे कारण दिले. ते अनेकांना पटले नाही, आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याची तयारी सर्वोच्च न्यायालयात दाखवली. तो विषय न्यायालयाचा. येथे त्यातली एकच गोष्ट पाहायची आहे, आणि ती आपल्याला सुखावणारी नाही. त्या दिवसांत डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर चोर येतात, मुले पळवतात, मूत्रपिंडे काढून नेतात अशा अफवा पसरल्या होत्या. गावकरी रात्री हत्यारे घेऊन गस्त घालीत होते. दोनच दिवस आधी त्याच कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत एका डॉक्टरांच्या गाडीवर जमाव चालून गेला होता. गस्त घालणाऱ्या सामान्य गावकऱ्यांना आपण कुणाचा खून करायला निघालो आहोत असे वाटत नव्हते. आपण आपल्या पोरांचे रक्षण करतो आहोत, असेच त्यांना वाटत होते. सशस्त्र स्वसंरक्षण म्हणतात ते हेच होते. फक्त त्याला शिक्षण नव्हते, नेता नव्हता, कायद्याची चौकट नव्हती आणि समोरचा माणूस कोण हे पाहण्याएवढा धीर नव्हता. परिणाम तीन निरपराधांचे प्रेत.

पहिल्या धरपकडीत जे शंभरावर लोक ताब्यात घेतले गेले, त्यांत नऊ जण अल्पवयीन होते. आकडीतला कोयता शिस्तीने वापरायला शिकलेली हीच ती पोरे. भीतीने पछाडलेल्या वडीलधाऱ्यांच्या गर्दीत शिरल्यावर ती शिस्त एका रात्रीत वाहून गेली.

दोन वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथेही असेच झाले होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत मारले गेले. गोसावी, साधू, बैरागी, म्हणजे दारी आलेला अनोळखी माणूस. ज्या समाजात प्रत्येकाच्या हाती हत्यार आणि प्रत्येकाच्या मनात धास्ती असते, तेथे पहिला बळी हाच माणूस पडतो. गडचिंचल्याबद्दल अश्रू ढाळायचे आणि आपल्या वस्तीत मात्र तशाच गस्ती उभ्या करायच्या, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

मग सज्जनांनी मार खावा काय? मुळीच नाही. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणाने महाविद्यालयीन मुलीवर कोयता उगारला आणि तिचा पाठलाग केला. हा हल्ला टोळक्याचा नव्हता, ओळखीतून आलेला होता, आणि हल्लेखोरही सज्ञान होता. तेव्हा तो या विषयात तंतोतंत बसत नाही. पण रस्त्यावरच्या माणसाने काय करावे हे त्याने दाखवले. पेठेतली माणसे पाहत उभी असताना स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे हा विद्यार्थी पुढे झाला आणि त्याने खाली येणारा कोयता अडवला. आणखी तरुण धावले, हल्लेखोर पकडला गेला, मुलगी वाचली. लेशपालच्या हाती काहीही नव्हते. पेरुगेटची पोलीस चौकी तेथून हाकेच्या अंतरावर होती. प्रसंगाच्या वेळी तेथे कुणी नसल्याचे उघड झाल्यावर तिघा पोलिसांना निलंबित करण्यात आले. त्या सकाळी उणीव हत्याराची नव्हती, उरलेल्या बघ्यांच्या पुढे होणाऱ्या पावलांची आणि चौकीतल्या माणसांची होती.

आखाडा, तालीम, मैदान यांचे महत्त्व येथे आहे. रोज तासभर दंड, काठी, कबड्डी खेळणाऱ्या मुलाला अंगावर येणाऱ्या माणसाची भीती कमी वाटते, आणि भीती कमी वाटली की हात विनाकारण उठतही नाही. मुलींना बचावाचे चार डाव शिकवणे, पिशवीत शिट्टी आणि तिखटाचा फवारा असणे, एका आळीतल्या दहा घरांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक पाठ ठेवणे, यांत काही रोमहर्षक नाही. म्हणूनच त्यावर कुणी भाषणे करीत नाही. गस्तच घालायची असेल तर तिलाही कायद्यात जागा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम ६३ ब खाली ग्रामसंरक्षण दलांची तरतूद आहे. अशा दलातला माणूस पोलीस ठाण्याला ठाऊक असतो, त्याचे नाव नोंदलेले असते, आणि अनोळखी गाडी दिसली तर प्रथम कुणाला कळवायचे हे त्याला सांगितलेले असते. गडचिंचल्याला असे दल जागे असते तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

उरला प्रश्न त्या मुलांचा. निर्भया प्रकरणातील एक गुन्हेगार अल्पवयीन होता. त्या संतापातून बाल न्याय अधिनियम २०१५ आला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला तर त्याला प्रौढांप्रमाणे खटल्याला उभे करण्याची वाट त्याने उघडली. परंतु ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तोच गुन्हा या व्याख्येत बसतो. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, किमान शिक्षा मात्र ठरवलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची ही उणीव दाखवून दिली आणि असे गुन्हे निर्घृण नव्हे तर गंभीर या वर्गात राहतील असे ठरवले. याचा अर्थ विलक्षण आहे. सतरा वर्षांच्या मुलाने पाकीट लुटताना कोयता चालवला तर प्राणघातक शस्त्रासह लुटीचे कलम लागते. त्याला किमान सात वर्षे आहेत, म्हणून त्याला प्रौढ समजता येते. त्याच मुलाने काहीही न लुटता, केवळ दहशतीसाठी अनोळखी माणसाच्या मानेवर वार केला आणि तो माणूस दैवाने वाचला, तर त्याला प्रौढ समजता येत नाही. ज्या विनाकारण हल्ल्यांनी शहर धास्तावले आहे, नेमका तोच प्रकार या भेगेतून निसटतो. संसदेने ही भेग बुजवावी. त्यासाठी सरसकट वय चौदावर आणण्याची गरज नाही. तशी मागणी अधूनमधून होते, पण चौदाव्या वर्षी तुरुंगातल्या सराईतांच्या शेजारी झोपलेला मुलगा बाहेर येताना काय होऊन येईल, याचाही विचार व्हावा.

जानेवारी २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी कोयता विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवण्यास सांगितले. हेतू चांगला, पण भाईगिरीच्या टोळीतला मुलगा हार्डवेअरच्या दुकानात रांग लावून कोयता घेत नाही. त्याला तो ‘भाई’ पुरवतो. नोंदीच्या वहीत नावे येतात ती माळ्याची, नारळवाल्याची, उसाच्या फडाकडे निघालेल्या मजुराची. दिवाळीनंतर मोखाडा-जव्हारची कुटुंबे भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरतात, त्यांच्या बोचक्यातही कोयता असतोच. असे आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले, तर बाजारात ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हते त्याच माणसाला नाक्यावर झडती द्यावी लागेल.

खरा हात त्या ‘भाई’चा. मुलगा सुटेल, मंडळ त्याला समुपदेशनाला पाठवील, हे गणित करूनच तो सोळा वर्षांच्या पोराच्या हाती पाते देतो. त्याच्यासाठी कायदा दुबळा नाही. बालकाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्या प्रौढाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. दोन्ही कलमे तयार आहेत. शांतता समितीच्या किंवा मोहल्ला समितीच्या पुढच्या बैठकीत पोलीस निरीक्षक समोर बसलेले असतील, तेव्हा कार्यकर्त्यांनी शस्त्रपरवान्याची चौकशी करण्याआधी एवढेच विचारावे, की गेल्या वर्षभरात या ठाण्याच्या हद्दीत किती कोयतेवाली मुले पकडली गेली आणि त्यांपैकी किती प्रकरणांत मुलाच्या मागच्या मोठ्या माणसावर ही कलमे लागली. उत्तर येईपर्यंत खुर्ची सोडू नये.